बालकांच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेतील जिवाणुजन्य जखमसंसर्ग

बालकांच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेतील जिवाणुजन्य जखमसंसर्ग म्हणजे लहान किंवा किशोरवयीन रुग्णाच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्या जखमेत जिवाणूंची वाढ होऊन उद्भवणारा आजार होय. संसर्ग त्वचा आणि तिच्याखालील चरबीपुरता मर्यादित राहिल्यास त्याला उथळ संसर्ग म्हणतात. स्नायूंचे आवरण ओलांडून तो हाडापर्यंत आणि हाडात बसवलेल्या धातूच्या सळ्या व स्क्रूंपर्यंत पोहोचल्यास त्याला खोल संसर्ग म्हणतात. मुलांमधील अशा शस्त्रक्रिया बहुतांशी स्कोलिओसिससाठी, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकून पिळला जाण्याच्या विकारासाठी केल्या जातात.

संसर्गाचे प्रमाण मुलाच्या मूळ आजारानुसार खूप बदलते. एरवी निरोगी असलेल्या किशोरवयीन मुलामुलींमध्ये विशिष्ट कारणाविना उद्भवणाऱ्या स्कोलिओसिसच्या शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे शंभरातील एक ते तीन रुग्णांना संसर्ग होतो. सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचा अपक्षय किंवा जन्मजात दुभंगलेला कणा, म्हणजे स्पायना बिफिडा, असलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. अनेक रुग्णालयांच्या नोंदींत ते दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक आढळले आहे. या दोन गटांत केवळ प्रमाणच नव्हे, तर संसर्ग करणारे जिवाणूही वेगळे असतात. त्यामुळे एका गटासाठी योग्य ठरलेले प्रतिबंधक प्रतिजैविक दुसऱ्या गटाला अपुरे पडू शकते.

पार्श्वभूमी

जखमेतील पू जिवाणूंमुळे होतो ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रस्थापित झाली. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाच्या वापराविषयीचे आपले लेख प्रसिद्ध केले. त्यानंतर स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथील शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांना १८८० मध्ये रुग्णाच्या पुवात द्राक्षांच्या घोसासारखे दिसणारे गोल जिवाणू आढळले. त्यांनी या जिवाणूंना स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले.

मणक्याच्या शस्त्रक्रियेत धातूचा व्यापक वापर बराच नंतर सुरू झाला. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे पोलिओमुळे पाठ वाकलेल्या मुलांवर उपचार करताना पॉल हॅरिंग्टन यांनी कणा सरळ धरून ठेवणारी पोलादी सळी विकसित केली आणि १९६२ मध्ये तिच्याविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. या सळीने वक्रतेचा उपचार बदलून टाकला. त्याचबरोबर मुलाच्या शरीरात आयुष्यभर राहणारी एक परकी वस्तू आली, आणि जिवाणूंना आसरा घेण्यासाठी जागाही मिळाली.

परक्या वस्तूमुळे संसर्ग किती सुलभ होतो हे त्याआधीच, १९५७ मध्ये, लंडनमधील एलेक आणि कोनेन यांच्या प्रयोगातून दिसून आले होते. मानवी स्वयंसेवकांच्या त्वचेत नुसते स्टॅफिलोकॉकस टोचले असता पू होण्यासाठी दहा लाखांहून अधिक जिवाणू लागत. त्याच जागी रेशमी टाका घातलेला असल्यास काही शेकडा जिवाणूही पुरत. मणक्याच्या शस्त्रक्रियेत एका टाक्याऐवजी दोन लांब सळ्या आणि वीस किंवा त्याहून अधिक स्क्रू असू शकतात. हे ध्यानात घेतले की अत्यंत स्वच्छ शस्त्रक्रियागृहातही काही मुलांना संसर्ग का होतो याचा उलगडा होतो.

धातूच्या पृष्ठभागाला चिकटलेले जिवाणू स्वतःभोवती शर्करा व प्रथिनांचा चिकट थर तयार करतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. त्यातील जिवाणू मंद गतीने वाढतात. संरक्षक पेशी त्यांच्यापर्यंत सहजी पोहोचू शकत नाहीत आणि मोकळ्या जिवाणूंना मारणारी प्रतिजैविकाची मात्रा त्यांच्यावर फारशी परिणाम करत नाही. काही तुलनात्मक अभ्यासांत टायटॅनियमच्या सळ्यांपेक्षा स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांभोवती संसर्ग अधिक आढळला आहे.

जिवाणूंचा उगम

संसर्गास कारणीभूत ठरणारे बहुतेक जिवाणू बाहेरून आलेले नसून रुग्णाच्या स्वतःच्या शरीरावरचेच असतात. त्वचा, नाकपुड्या, आतडे आणि मूत्रमार्ग ही त्यांची मुख्य ठिकाणे होत. शस्त्रक्रियागृहातील हवा आणि कर्मचाऱ्यांचे हात, केस व कपडे यांतूनही काही जिवाणू येतात. शस्त्रक्रिया जितकी लांबते तितकी उघड्या जखमेवर त्यांची भर पडते. मणक्याची जखम मानेखालपासून कमरेपर्यंत लांब असू शकते आणि ती कित्येक तास उघडी राहते. रक्तस्राव बराच होतो व स्नायू हाडापासून सोडवावे लागल्याने त्यांचा रक्तपुरवठा काही काळ कमी होतो. क्वचित प्रसंगी शस्त्रक्रियेनंतर दातांतील, मूत्रमार्गातील किंवा फुफ्फुसातील जिवाणू रक्तावाटे धातूपर्यंत पोहोचतात.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस

पहिल्या काही आठवड्यांत दिसून येणाऱ्या संसर्गांत हा जिवाणू सर्वाधिक आढळतो. सुमारे ३० टक्के निरोगी माणसांच्या नाकात तो वास करतो आणि त्यांना त्याचा त्रास होत नाही. जखमेत शिरल्यावर मात्र तो ऊती नष्ट करणारी विकरे व विषद्रव्ये तयार करतो. जखम लाल व गरम होते, तिच्यातून पू येतो, ताप चढतो. लक्षणे इतकी ठळक असतात की निदान सहसा लांबत नाही.

पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर उपाय म्हणून मेथिसिलिन हे औषध १९५९ मध्ये वापरात आले. त्याला प्रतिरोध करणारे वाण १९६१ मध्येच इंग्लंडमध्ये आढळले. एमआरएसए या नावाने ओळखले जाणारे हे वाण सेफॅझोलिनलाही जुमानत नाहीत, आणि सेफॅझोलिन हेच मणक्याच्या शस्त्रक्रियेत सर्वाधिक वापरले जाणारे प्रतिबंधक औषध आहे. त्यामुळे काही रुग्णालयांत शस्त्रक्रियेपूर्वी मुलाच्या नाकातील नमुना तपासतात. एमआरएसए आढळल्यास नाकात म्युपिरोसिन मलम लावतात आणि प्रतिबंधासाठी व्हॅन्कोमायसिनही देतात.

त्वचेवरील मंदगती जिवाणू

स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आणि त्याचे नातलग प्रत्येकाच्या त्वचेवर असतात. त्यांच्यात आक्रमकता कमी, पण धातूला चिकटून बायोफिल्म बनवण्याची क्षमता मोठी असते. प्रयोगशाळेच्या दृष्टीने ते अडचणीचे ठरतात, कारण नमुना घेताना त्वचेवरून चुकून आलेला जिवाणू आणि खरा गुन्हेगार यांत फरक करणे कठीण असते. यासाठी जखमेच्या खोल भागातून वेगवेगळ्या ठिकाणचे अनेक नमुने घेतले जातात. एकाहून अधिक नमुन्यांत तोच जिवाणू वाढला, तरच त्याला कारण मानले जाते.

याहून अधिक काळ दुर्लक्षित राहिलेला जिवाणू म्हणजे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. २०१६ पर्यंत तो प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस या नावाने ओळखला जात असे आणि जुन्या ग्रंथांत तेच नाव आढळते. मुरमांशी संबंध असलेला हा जिवाणू केसांच्या मुळाशी आणि तैलग्रंथींमध्ये राहतो. पाठीचा वरचा भाग व खांदे ही त्याची आवडती ठिकाणे. वयात येताना तैलग्रंथी सक्रिय होतात आणि या जिवाणूची संख्या वाढते. किशोरवयीन स्कोलिओसिसची शस्त्रक्रिया नेमकी याच वयात आणि नेमकी याच जागी होते. शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेवर लावलेले जंतुनाशक पृष्ठभागावरील जिवाणू मारते, परंतु ग्रंथींच्या खोलीत पूर्णपणे पोहोचत नाही. चीर देताच कापल्या गेलेल्या ग्रंथींतील जिवाणू जखमेत उतरू शकतात.

या संसर्गाचे स्वरूप फसवे असते. शस्त्रक्रियेनंतर जखम उत्तम भरते आणि मूल शाळेत जाऊ लागते. काही महिन्यांनी, बहुधा वर्ष-दोन वर्षांनी आणि क्वचित त्याहून उशिरा, पाठीत बोथट दुखू लागते. सळीच्या टोकाशी सूज येते किंवा जुन्या व्रणावर बारीक छिद्र पडून त्यातून पातळ स्राव झिरपतो. ताप बहुधा नसतो व रक्ततपासण्याही अनेकदा जवळपास सामान्य असतात. नमुना प्रयोगशाळेत पाठवला तरी हा जिवाणू प्राणवायू कमी असलेल्या वातावरणात अतिशय मंद वाढतो. प्रयोगशाळेने नेहमीप्रमाणे पाच दिवसांनी तपासणी संपवली, तर अहवालात कोणतीही वाढ नसल्याचे लिहिले जाते.

म्हणूनच अशा उशिरा येणाऱ्या स्रावाला दीर्घकाळ जंतुविरहित दाह समजले जाई. सळी व तिच्या जोडांचे घर्षण होऊन धातूचे सूक्ष्म कण सुटतात आणि शरीर त्यांना प्रतिक्रिया देते, असे हे स्पष्टीकरण होते. ते पूर्णतः चुकीचे नव्हते, कारण असे कण ऊतींमध्ये खरोखरच सापडत. मात्र १९९० च्या दशकात अमेरिकेतील शल्यचिकित्सकांनी नमुने अधिक दिवस ठेवून पाहिले, तेव्हा जंतुविरहित मानल्या गेलेल्या अनेक जखमांत त्वचेवरचे मंदगती जिवाणू वाढून आले. आता अशा नमुन्यांची वाढ १० ते १४ दिवस पाहण्याची शिफारस केली जाते.

संसर्गाच्या व्याख्येतही यामुळे एक उणीव राहते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या व्याख्येनुसार शरीरात कृत्रिम वस्तू बसवलेल्या शस्त्रक्रियेनंतर पूर्वी एक वर्षापर्यंतचा खोल संसर्ग मोजला जाई. २०१३ पासून मणका जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी ही मुदत ९० दिवस करण्यात आली. देखरेख त्यामुळे सुकर झाली, तरी क्युटिबॅक्टेरियमचे बहुतेक संसर्ग या मुदतीनंतर उघडकीस येत असल्याने ते अशा आकडेवारीबाहेर राहतात. रुग्णालयाने जाहीर केलेले कमी प्रमाण वाचताना ही बाब लक्षात ठेवावी लागते.

आतडे व मूत्रमार्गातील जिवाणू

मज्जासंस्था किंवा स्नायूंच्या आजारामुळे पाठ वाकलेल्या मुलांमध्ये ग्रॅम निगेटिव्ह जिवाणू लक्षणीय प्रमाणात आढळतात. एशेरिकिया कोलाय, स्यूडोमोनास एरुजिनोसा, क्लेब्सिएला, प्रोटियस आणि एंटरोबॅक्टर हे त्यांतील प्रमुख होत. आतड्यातील एंटरोकॉकस हा ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूही या गटात दिसतो. सेफॅझोलिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. पुष्कळदा एकाच जखमेत दोन-तीन प्रकारचे जिवाणू एकत्र असतात.

याची कारणे या मुलांच्या दैनंदिन जीवनात आहेत. खुर्चीत नीट बसता यावे म्हणून त्यांची शस्त्रक्रिया अनेकदा कटिभागाच्या हाडापर्यंत न्यावी लागते आणि जखमेचे खालचे टोक गुदद्वाराजवळ येते. मलमूत्रावर नियंत्रण नसलेल्या मुलाला सतत लंगोट असतो व तो ओला झाला की मलपट्टीच्या कडेतून ओल आत शिरते. स्पायना बिफिडा असलेल्या मुलांचे मूत्राशय ठरावीक वेळी नळीने रिकामे करावे लागते, त्यामुळे त्यांच्या लघवीत लक्षणे नसतानाही जिवाणू असतात. त्यांच्या पाठीवर नवजात वयातील शस्त्रक्रियेचा व्रण असतो आणि त्याखालची त्वचा पातळ, कमी रक्तपुरवठ्याची असते. गिळण्यास अडचण असलेल्या मुलांमध्ये कुपोषणही आढळते व त्यामुळे जखम भरण्यास विलंब लागतो.

यांतील काही मुलांना पाठीची संवेदना नसते, तर काहींना दुखणे बोलून सांगता येत नाही. नेहमीपेक्षा वाढलेली चिडचिड, खाणे कमी होणे, झटक्यांची संख्या वाढणे किंवा मलपट्टीवरचा ओला डाग एवढ्यावरूनच संसर्गाची शंका घ्यावी लागते. ही चिन्हे सर्वांत आधी सहसा आईच्या किंवा काळजी घेणाऱ्या व्यक्तीच्या लक्षात येतात.

दहा वर्षांखालील मुलांच्या पाठीत काही वेळा वाढीबरोबर लांबवता येणाऱ्या सळ्या बसवतात. पारंपरिक पद्धतीत दर सहा महिन्यांच्या सुमारास छोटी शस्त्रक्रिया करून त्या लांबवल्या जातात. प्रत्येक वेळी तीच जखम पुन्हा उघडली जात असल्याने संसर्गाचा धोका वाढत जातो. बाहेरून चुंबकाच्या साहाय्याने लांबवता येणाऱ्या सळ्यांचा हा एक महत्त्वाचा फायदा मानला जातो.

निदान

शस्त्रक्रियेनंतर रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उच्चांक गाठते आणि साधारण दोन आठवड्यांत पूर्वपदावर येते. उतरू लागलेले मूल्य पुन्हा चढल्यास संसर्गाचा संशय येतो. तांबड्या पेशींचा अवसादन दर अनेक आठवडे वाढलेला राहू शकतो, त्यामुळे सुरुवातीच्या काळात त्याचा उपयोग मर्यादित आहे. क्ष-किरण चित्रात स्क्रूभोवती काळी कडा दिसणे हे सैल झाल्याचे, आणि काही वेळा संसर्गाचे, चिन्ह असते. एमआरआय चित्रण धातूमुळे विस्कळीत होते.

त्वचेवरच्या छिद्रातून कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुना भरवशाचा नसतो. निश्चित निदानासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी खोल भागातील ऊती घ्याव्या लागतात. रुग्णाची प्रकृती गंभीर नसेल, तर नमुने घेईपर्यंत प्रतिजैविक न देणे श्रेयस्कर असते. आधीच दिलेल्या औषधाच्या चार गोळ्यांमुळेही जिवाणू न वाढण्याची शक्यता असते, आणि मग पुढील कित्येक आठवड्यांचा उपचार अंदाजाने करावा लागतो.

प्रतिबंध

प्रतिजैविक कधी द्यावे हे कोणते द्यावे याइतकेच महत्त्वाचे आहे. अमेरिकी शल्यचिकित्सक जॉन बर्क यांनी १९६१ मध्ये गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांत जिवाणू टोचण्यापूर्वी किंवा त्या सुमारास दिलेले औषध प्रभावी ठरले. तीन तासांनी दिलेल्या औषधाचा उपयोग जवळजवळ झाला नाही. त्यानुसार सेफॅझोलिन चीर देण्यापूर्वीच्या ६० मिनिटांत वजनानुसार दिले जाते आणि शस्त्रक्रिया लांबल्यास दर चार तासांनी पुन्हा देतात. व्हॅन्कोमायसिन सावकाश द्यावे लागत असल्याने ते त्याआधी सुरू करतात. शस्त्रक्रियेनंतर बरेच दिवस प्रतिजैविक चालू ठेवल्याने अधिक संरक्षण मिळत नाही. त्यातून प्रतिरोधक जिवाणूंना वाव मात्र मिळतो.

अधिक धोका असलेल्या मुलांच्या मणक्याच्या शस्त्रक्रियांसाठी अमेरिकेतील बालअस्थिशल्यचिकित्सक व संसर्गतज्ज्ञांच्या गटाने २०१३ मध्ये सहमतीने १४ शिफारशी प्रसिद्ध केल्या. आदल्या रात्री क्लोरहेक्सिडीनने अंग पुसणे, लघवीची जिवाणूतपासणी, पोषणाचे मूल्यमापन, केस वस्तऱ्याने न काढता क्लिपरने कापणे, सेफॅझोलिनच्या जोडीला ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंविरुद्ध औषध देणे, शस्त्रक्रियागृहातील ये-जा मर्यादित ठेवणे आणि ओल न शिरणारी मलपट्टी वापरणे यांचा त्यांत समावेश आहे. जखमेत व्हॅन्कोमायसिनची पूड टाकण्याचीही शिफारस आहे. ही पूड स्टॅफिलोकॉकसविरुद्ध प्रभावी आहे, पण ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंवर तिचा काहीही परिणाम होत नाही. ज्या मुलांना संसर्गाचा धोका सर्वाधिक, त्यांच्याच बाबतीत तिची मर्यादा उघड होते.

उपचार

उपचारातील मूळ पेच धातू ठेवावा की काढावा हा असतो. मणके एकमेकांशी हाडाने जोडले जाण्यास अनेक महिने लागतात आणि तोपर्यंत सळ्याच कण्याला आधार देतात. त्या काढल्यास बायोफिल्म जाते, पण पाठ पुन्हा वाकू लागते. ठेवल्यास संसर्ग समूळ जाईल याची खात्री नसते.

लवकर आढळलेल्या संसर्गात सहसा जखम उघडून मृत ऊती काढतात, ती भरपूर द्रावणाने धुतात आणि धातू जागेवर ठेवतात. ही क्रिया एकाहून अधिक वेळा करावी लागू शकते. मोठी जखम भरून येण्यासाठी निर्वात दाबाच्या यंत्राचा उपयोग होतो. त्यानंतर काही आठवडे शिरेवाटे व पुढे तोंडावाटे प्रतिजैविके दिली जातात. स्टॅफिलोकॉकसच्या बायोफिल्मविरुद्ध रिफॅम्पिसिन उपयुक्त आहे. मात्र ते एकटे दिल्यास प्रतिरोध झपाट्याने निर्माण होतो, म्हणून त्याला दुसऱ्या औषधाची जोड आवश्यक असते.

उशिरा आलेल्या संसर्गात धातू तसाच ठेवून केलेली सफाई अनेकदा अपयशी ठरते. मणके पक्के जोडले गेले असल्यास सळ्या काढून टाकणे हा सर्वमान्य मार्ग आहे. क्युटिबॅक्टेरियम पेनिसिलिन गटाच्या औषधांना सहसा दाद देतो. प्राणवायूविना वाढणाऱ्या इतर जिवाणूंवर चालणारे मेट्रोनिडॅझोल मात्र त्याच्यावर निरुपयोगी आहे. सळ्या काढल्यानंतरही काही मुलांमध्ये वक्रता हळूहळू वाढते, म्हणून पुढील काही वर्षे क्ष-किरण तपासणी चालू ठेवतात.

भारतातील परिस्थिती

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१३ मध्ये प्रतिजैविक-प्रतिरोधाच्या देखरेखीसाठी रुग्णालयांचे जाळे उभारले. त्याच्या अलीकडील अहवालांनुसार तपासलेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसपैकी सुमारे ४० टक्क्यांहून अधिक वाण मेथिसिलिन-प्रतिरोधक आहेत आणि एशेरिकिया कोलाय व क्लेब्सिएलाचे बहुसंख्य वाण तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनांना दाद देत नाहीत. ही आकडेवारी सर्व प्रकारच्या संसर्गांची आहे, केवळ मणक्यांच्या जखमांची नाही. तरीही परदेशी मार्गदर्शिकेतील औषधे जशीच्या तशी लागू करण्याऐवजी रुग्णालयाने स्वतःच्या प्रयोगशाळेतील नोंदी पाहून निवड करावी, असे तीवरून सुचते.

उपचारांना न जुमानणाऱ्या आणि नेहमीच्या तपासणीत काहीच न वाढणाऱ्या जखमेत भारतात आणखी एक शक्यता तपासावी लागते. नळाच्या पाण्यात आढळणारे, क्षयाच्या जिवाणूचे वेगाने वाढणारे नातेवाईक अपुऱ्या निर्जंतुकीकरणामुळे शस्त्रक्रियेच्या जखमेत शिरू शकतात. मूळ शस्त्रक्रियाच मणक्याच्या क्षयासाठी झाली असेल, तर जखमेतून येणारा स्राव जुन्या रोगाचा की नव्या संसर्गाचा हे ठरवण्यासाठी क्षयाच्या जिवाणूची तपासणी आणि सामान्य जिवाणूंची तपासणी या दोन्ही एकाच नमुन्यावर कराव्या लागतात.